बाप्पाच्या फ्लेक्सवर माझ्या पोट्ट्याचा फोटो नको

आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष भाऊ, कोषाध्यक्ष भाऊ आणि मंडळाच्या सगळ्या पोट्ट्यांनो,

काल तान्हा पोळा झाला. लहान्यानं लाकडी नंदी दोरीनं ओढत अख्खी गल्ली पालथी घातली. अकरा घरचा बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, आणला आणि रात्री तो तीनदा मोजला. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात काठी. तुम्ही सगळे पानठेल्यापाशी उभे राहून बघत होते. दोघातिघांनी डोळे पुसले, तेही मला दारातून दिसलं.

रात्री साडेदहाला मोबाईलवर तुमचं डिझाईन आलं. दहा बाय पंधराचा फ्लेक्स. मधात बाप्पा. एका बाजूला दवाखान्यात डोक्याला पट्टी बांधून पडलेला लहान्या, दुसऱ्या बाजूला कालचाच, नंदी ओढणारा लहान्या. वर सोनेरी अक्षरात ‘नवसाला पावला! बाप्पाचा चमत्कार!’ आणि खाली मेसेज, ‘काकू, ओके का? सकाळी प्रिंटिंगले टाकाचं हाय.’

ओके नाही. सकाळचे डबे आटोपून लगेच हे लिहायला बसले. ग्रुपवर नाही लिहिलं, कारण तिथं चार ओळी टाकल्या की खाली वीस जण हात जोडतात आणि विषय संपतो. हा कागद मंडळाच्या फळ्यावर लावा. मानेवाड्याकडच्या बाकीच्या मंडळांनी वाचला तरी माझी हरकत नाही.

आधीच सांगून टाकते, माझी श्रद्धा गेलेली नाही. घरी संध्याकाळी दिवा लागतो तसाच लागतो. अदाशाच्या गणपतीला अनवाणी जाईन म्हणून नवस बोलले आहे, तो फेडीन. पण तो माझा आणि त्याचा व्यवहार आहे. त्याची पावती फ्लेक्सवर छापायची नसते.

आता १४ जानेवारीची गोष्ट. तुम्ही सगळे तिथं होतात, मग मी कशाला सांगते? कारण आठ महिन्यांत ती गोष्ट बदलत चालली आहे. परवा किराण्याच्या दुकानात एक बाई मलाच सांगत होत्या की त्या पोराला पडताना बाप्पानं रेतीच्या ढिगावर झेललं. पोरगा माझाच आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रेतीचा ढीग होता, खरं आहे. तो शेजारच्या भाऊंच्या बाथरूमच्या कामाचा होता. लहान्याचे पाय आणि कंबर रेतीवर आली आणि डोकं ढिगाच्या बाहेर, विटेवर.

कोपऱ्यावरचा तो स्लॅब तुम्हाला सांगायला नको. मालक पुण्याला, काम तीन वर्षांपासून बंद, सळ्या वर आलेल्या आणि कठडा कुठल्याच बाजूला नाही. गल्लीत सगळ्यात मोकळी जागा तीच, म्हणून संक्रांतीला तुमचं साउंड तिथं लागतं. तिळगुळाचं ताट मीच वर पाठवलं होतं. पोरगा दुपारपासून तिथंच होता आणि मला काही वाटलं नाही, कारण ‘मंडळाचे पोट्टे आहेत ना वर’. तुमच्यावर एकट्यांवर नाही टाकत, मी आई आहे, आधी माझ्यावर येतं. पण पंचवीस पोट्टे वर होते, मीही खाली होते, आणि नऊ वर्षांच्या लेकराला ‘काठावरून मागं हो’ असं कोणी म्हटलं नाही. ‘ओ काट’ झाली, सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि कटलेल्या पतंगीमागं लहान्या आकाशाकडं तोंड करून धावला.

मी पोचले तेव्हा तो जोरात रडत होता. बोलत होता. उजवी मांडी वेडीवाकडी झालेली, सगळ्यांची नजर तिकडंच. दोघं त्याला हातापायाला धरून गाडीवर घ्यायला निघाले होते, एकजण पाण्याची बाटली तोंडाला लावत होता. तेवढ्यात समोरच्या सिस्टर गाऊनवरच धावत आल्या आणि ओरडल्या, “कोणी हात लावाचा नाही! पाणी नाही पाजाचं!” त्यांनीच मान धरून ठेवली, माझ्या ओढणीनं तुटलेला पाय चांगल्या पायाला बांधला आणि सेंट्रिंगची फळी मागवली. १०८ ला फोन केला तो तुमच्यातल्याच एकानं. गर्दीतून गाडी यायला वीसेक मिनिटं लागली असतील.

त्या वीस मिनिटांत लहान्या शांत झाला. आम्ही सगळे म्हटलं, बरं झालं, दुखणं उतरलं. सिस्टरनी मोबाईलची बॅटरी लावून त्याचे डोळे उघडून पाहिले, एक, मग दुसरा, मग परत पहिला. मला म्हणाल्या, “पायाचं राहू द्या बाई. उजवी बाहुली मोठी होऊन राहिली. याच्या डोक्यात रक्त हाय.” मग त्याला उलटी झाली. सिस्टर ॲम्ब्युलन्समध्ये आमच्यासोबत बसल्या, उलटी घशात जाऊ नये म्हणून त्याला फळीसकट कुशीवर धरून. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. किती वाजता पडला, किती वाजता गुंगला, बाहुली कोणती. सीटी स्कॅनला पाच मिनिटंही थांबावं लागलं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्या मधात रक्त साचतं. पहिल्यांदा माणूस चांगला बोलतो, घरच्यांना वाटतं काही झालं नाही, आणि मग तो झोपायला लागतो. ते रक्त वेळेवर काढलं तर पोरगा पोरासारखा उठतो. आणि उशीर झाला तर, असं म्हणून ते थांबले आणि सही कुठं करायची ते दाखवू लागले.

तर पोट्ट्यांनो, चमत्कार कोणता म्हणायचा तर तो मोबाईलच्या बॅटरीचा आणि तीस वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या बाईच्या डोळ्यांचा. आणि आता खरी गोष्ट बोलते. सिस्टर मंडळाला वर्गणी देत नाहीत. त्यांच्या सासऱ्यांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्म घेतला, बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे ते, गौरी-गणपती त्यांच्याकडं होत नाही. हे माहीत असून दर वर्षी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या दारात जाता, आणि परत येताना कोण काय बोलतं ते मी ऐकलेलं आहे. तुमचा फ्लेक्स लागतो तो विजेचा खांब नेमका त्यांच्या फाटकासमोर आहे. दहा दिवस त्या बाईनं सकाळी दार उघडलं की काय वाचायचं? बाप्पाचा चमत्कार! त्या काही बोलणार नाहीत. मी पाया पडायला गेले तेव्हा पाय मागं घेतले आणि म्हणाल्या, “ड्युटी केली. चहा पिऊन जाय.” पण मला ते बघवणार नाही.

आता तुमच्याबद्दल लिहिते, कारण तेही त्या फ्लेक्सवर नाही.

लहान्या चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, अकरा दिवस आयसीयूत, एकूण सव्वीस दिवस दवाखान्यात. आयसीयूत एकालाच पास. बाहेर व्हरांड्यात जानेवारीची थंडी, तुम्हाला माहीत आहे नागपूरची थंडी पाठीत कशी शिरते. आणि त्या व्हरांड्यात तुम्ही पाळीपाळीनं दोघं दोघं झोपलात. काय अंथरून? मागच्या वर्षीचा ‘गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत’ फ्लेक्स, दुहेरी घडी करून. मी पहाटे बाहेर आले की आमदारांच्या फोटोवर गाल ठेवून तुमच्यातला कोणी तरी घोरत असायचा. फ्लेक्सचा एवढा चांगला उपयोग मी आजवर पाहिला नाही.

रक्ताच्या पिशव्या लागल्या तेव्हा सहा जण आले. एकाचं वजन पंचेचाळीस किलोच्या खाली भरलं. एकानं वय अठरा सांगितलं आणि आधार कार्डावर सतरा निघालं. त्याला परत पाठवलं तर तो रक्तपेढीच्या पायरीवर बसून रडला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला लाज वाटेल. पण फ्लेक्सवर कोणाचा फोटो लावायचाच असेल तर मला त्याचा चालला असता.

माझा धंदा डब्यांचा. रोजचे चौतीस डबे, हॉस्टेलची पोरं आणि दोन बँकवाले. सव्वीस दिवस माझी चूल बंद, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा डबा आला. कोपऱ्यावरच्या काकूंचं वरण-भात, वर साजूक तूप आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. मागच्या गल्लीतल्या मारवाडी वहिनींचे पराठे. डबा उघडण्याआधी वासावरून घर ओळखायला लागले होते मी. एकदा पिठल्यात मीठ नव्हतं. तरी संपवलं, आणि डब्याच्या कड्या लावताना कळलं की आपल्या डब्याची हॉस्टेलची पोरं कशी वाट पाहत असतील.

ऑपरेशनं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झाली. त्यासाठी तीन दिवस धावपळ तुमच्या कोषाध्यक्षांनीच केली, कारण आमच्या रेशन कार्डावर लहान्याचं नाव चढवायचंच राहून गेलं होतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या टेबलासमोर उभं राहून मी पहिल्यांदा शिकले की २०२४ च्या जुलैपासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च योजनेत बसतो आणि कार्ड पांढरं असलं तरी चालतं. गल्लीत अजून कितीक घरी लेकरांची नावं कार्डावर नाहीत. पण योजनेत ऑपरेशन बसतं, डायपर बसत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणारी एअरबेड, सोबतच्या माणसाचं खाणं, नंतर चार महिने फिजिओथेरपीला जायचा ऑटो, हे कुठंच बसत नाही. ते तुम्ही बसवलं. कोषाध्यक्ष भाऊंनी जमा-खर्चाची वही माझ्यासमोर उघडून ठेवली, चहाचे पैसे वेगळे लिहिलेले. मंडळाचा हिशेब असा असतो हे मला माहीत नव्हतं. रागावू नका, पण खरंच माहीत नव्हतं.

सगळंच गोड होतं असं मात्र नाही. आयसीयूच्या काचेतून लहान्याचा व्हिडिओ काढून कोणी तरी ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत कुठं गेला देव जाणे, तिसऱ्या दिवशी त्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून परत आला. माझा भाऊ यवतमाळहून रडत निघाला, बसमध्ये बसून मला फोन करायची त्याची हिंमत होईना. माझं लेकरू आत श्वास घेत होतं आणि बाहेर त्याच्या फोटोला हार पडला होता. हे डोळ्यांसमोर ठेवा आणि मग तो दवाखान्यातला फोटो फ्लेक्सवर लावायचा का ते ठरवा.

आणि दुसरं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तुमच्यातल्या एकानं माझ्या घरवाल्याच्या कानात सांगितलं, “भाऊ, घरच्या पायऱ्यांवरून पडला म्हणा. मंडळाचं नाव येईल.” तो घाबरला होता, मला त्याचा राग नाही. आम्ही खरं ते सांगितलं, कोणाला काही झालंही नाही. पण काल ते डिझाईन पाहिलं आणि मला तेच वाक्य आठवलं. चमत्कार म्हटलं की पोरगा कुठून पडला हे कोणी विचारत नाही. आणि कोणी उचलला, हेही नाही.

आमच्या बाजूच्या खाटेवर काटोलकडची एक मुलगी होती, अकरा वर्षांची. ट्रॅक्टरवरून पडली होती. तिची आई आणि मी सहा रात्री एका चटईवर बसलो. तिच्या पदरात देवीचं कुंकू होतं, पुडीत बांधलेलं. दर दोन तासांनी आयसीयूच्या सिस्टर आत सोडायच्या तेव्हा ती ते चिमूटभर मुलीच्या कपाळाला लावायची, आणि येता येता लहान्याच्या पायाला बोट टेकवायची. मी तिला उपासाची खिचडी खायला घालायची, ती मला संत्री सोलून द्यायची, घरच्या बागेतली. सातव्या दिवशी पहाटे मुलगी गेली. जाताना त्या बाईनं चटई मला दिली. म्हणाली, “तुमाले अजून लागन.”

ती बाई माझ्यापेक्षा कमी मानत नव्हती. तिची देवी आपल्या बाप्पापेक्षा कमी नाही. तुमच्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत काटोलला गेला, जाईलच, तर तिनं काय समजायचं? की माझा नवस खरा आणि तिचा खोटा? माझ्याकडं याचं उत्तर नाही. टेकडीच्या गणपतीलाही मी विचारलं. त्या दिवशी दुपारी ऑटो करून स्टेशनकडं गेले, पिंपळाखाली त्याच्यासमोर बसले आणि खूप भांडले. लोक दुर्वा वाहत होते, मी मनातल्या मनात शिव्या देत होते. लहान्याला वाचव असंही म्हणवेना, कारण आदल्या रात्री तीही तेच म्हणत होती. शेवटी नुसती बसले. तासभर. कोणी उठ म्हटलं नाही. सहा दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली ती तिथल्या भिंतीला. माझ्यासाठी देव तेवढा आहे, बसायला जागा देणारा. तुम्हाला कमी वाटेल.

घरात प्रत्येकाचं वेगळं होतं. सासूबाईंनी गजानन महाराजांच्या पोथीची पारायणं लावली, एक संपलं की दुसरं, आवाज बसला तरी थांबल्या नाहीत. माझा घरवाला कधी मंदिरात जात नाही, तो गप्प राहून दवाखान्यातले बंद पडलेले पंखे दुरुस्त करत फिरायचा. इलेक्ट्रिशियन माणूस, हाताला काम पाहिजे. वेल्डिंगवाले भाई ताजबागेच्या दर्ग्यातून धागा घेऊन आले. आयसीयूत धागा बांधू देत नाहीत म्हटल्यावर त्यांनी तो माझ्या पिशवीच्या बंदाला बांधला, अजून आहे. एक नातेवाईक येऊन सांगून गेले की साडेसाती आहे, शनिवारी तुम्ही मटण खाता त्याचं हे फळ. त्यांना मी चहा दिला नाही.

फेब्रुवारीत लहान्या घरी आला. मांडीच्या हाडात दोन लवचिक सळ्या, डावा हात लुळा, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द जणू विहिरीतून शेंदून काढतोय. शुद्धीत आल्यावर पहिलं काय बोलला माहीत आहे ना? सासूबाई सांगतात ‘आई’. खोटं आहे. तो म्हणाला, “माही चक्री कुठं हाय?” मांजाची.

पाय उजवा तुटलेला आणि हात डावा गेलेला, त्यामुळं वॉकर धरता येईना. फिजिओवाल्या मॅडम म्हणाल्या, डाव्या हाताला मातीचा गोळा द्या, दाबू द्या दिवसातून चार वेळा. माती दाबून तो पाच मिनिटांत कंटाळायचा. मग मी त्याला कणकेची परात दिली. मार्चपासून डबे परत सुरू केले होते, तीन किलो कणीक रोज भिजायची. पहिल्या दिवशी बोटं कणकेत नुसती ठेवून बसला. आठवड्यानं खड्डा पडायला लागला. एप्रिलच्या शेवटी एका पोळीपुरता गोळा त्यानं डाव्या हातानं मळला, मी ती पोळी वेगळी शेकली, वेडीवाकडी, आणि हॉस्टेलच्या एका डब्यात टाकून दिली. त्या पोरानं फोन करून विचारलं, “काकू, आज नवीन बाई ठेवली का?”

उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या घरात पारा, आणि पोरगा एकट्यानं पलंगावरून हलू शकत नाही. अध्यक्ष भाऊंच्या घरून मोठा कूलर आला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावून. त्यांच्या घरची माणसं त्या मे महिन्यात खाली फरशीवर ओलं धोतर टाकून झोपली, हे मला जूनमध्ये कळलं. भाईंनी आमच्या जिन्याला पाइप बसवला, एकावर एक दोन. वरचा मोठ्या माणसाच्या हाताला, खालचा लहान्याच्या. खालचा पाइप आता झिजून चकचकीत झाला आहे, वरच्यावर अजून रंग जसाच्या तसा. शाळेनं परीक्षा न घेता वर चढवला, मास्तर दर रविवारी येऊन गणितं घेऊन गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मास्तरांना आवडणार नाही.

काल सकाळी काळी-पिवळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर उभ्या राहून ओरडल्या, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत!” लहान्यानं विचारलं, “आजी, मी बी इडा-पिडात येतो का?” त्या रडायला लागल्या. तो हसत होता. असा पोरगा आहे तो. त्याला तुमचा फ्लेक्स फार आवडेल, हे मला माहीत आहे. शाळेतल्या पोरांना दाखवायला नेईल. आणि मग वर्षभर गल्लीत तो ‘चमत्कारवाला पोट्टा’ होईल. आत्ताच दोन बाया लहान लेकरं घेऊन आल्या होत्या, त्यानं डोक्यावर हात ठेवावा म्हणून. नऊ वर्षांचं लेकरू! त्याला तुम्ही लंगडा म्हणा, भांडा त्याच्याशी, क्रिकेटमध्ये अंपायर करा. देवाचा माणूस करू नका.

तर फ्लेक्सचे पैसे वाचतील, त्याचं काय करायचं ते सांगते. माझं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मंडळ तुमचं आहे.

भाई म्हणतात त्या स्लॅबला तिन्ही बाजूंनी रेलिंग लावायची तर मजुरी ते घेणार नाहीत, फक्त पाइपचा खर्च. मालकाशी पुण्याला माझा घरवाला बोलला, त्याची ना नाही, पैसे द्यायची तयारी पण नाही. फ्लेक्स आणि विसर्जनाच्या साउंडचा एक दिवस कमी केला तर पाइप येतो, मी भाव काढून ठेवला आहे. संक्रांतीच्या आधी झालं पाहिजे. आणि त्या दिवशी वर गेलाच तर चक्र्या तपासा. नायलॉन मांजा हरित लवादानं २०१७ पासून देशभर बंद केला आहे, तरी त्या दुपारी स्लॅबवर तो होता, तुमच्याही हातात. लहान्याला मांजानं काही केलं नाही. पण त्याच संध्याकाळी कॅज्युअल्टीत आमच्या पुढं एक स्कूटरवाला उभा होता, गळ्याला गमछा दाबून, आणि गमछ्याचा मूळ रंग कोणता होता ते कळत नव्हतं.

दुसरं, मंडळाची खोली वर्षाचे साडेअकरा महिने कुलूपबंद असते. आत मखराचे थर्माकोल आणि उंदीर. आमच्याकडं आता एक वॉकर आहे, एक एअरबेड, एक खुर्ची-कमोड, आणि ती चटई. लहान्याला यातलं काही लागत नाही. त्या खोलीत ठेवा. ज्या घरी लागेल त्यांनी न्यावं, डिपॉझिट घेऊ नका, फक्त वहीत नाव. वही कोषाध्यक्ष भाऊंकडंच द्या. त्यातच मागच्या पानांवर सगळ्यांचे रक्तगट आणि शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख, कारण पुरुषांना तीन महिन्यांच्या आत परत देता येत नाही आणि रात्री दोन वाजता ते आठवत बसायला वेळ नसतो. त्या सतरा वर्षांच्या पोट्ट्याचं नाव पण लिहा, पुढल्या महिन्यात तो अठराचा होतो, मी विचारलं.

आणि सिस्टरना एकदा विचारा की गणपतीनंतरच्या एखाद्या रविवारी तासभर वेळ देतील का. मान कशी धरायची, पाय कसा बांधायचा, बाहुली कशी बघायची. आरतीच्या मांडवात नको, त्यांना अवघड होईल. शाळेच्या व्हरांड्यात ठेवा. पावतीपुस्तक घेऊन जाऊ नका.

आरतीला आम्ही येतोच. मोदक दर वर्षीसारखे एकशे एक, त्यातले काही वेडेवाकडे निघतील, डाव्या हाताचे आहेत.

वॉकर धुऊन दारामागं उभा करून ठेवला आहे. न्यायला दोघं जण या, संध्याकाळी सातनंतर, तोवर माझे डबे गेलेले असतात.

लहान्याची आई